निबंध कोणासाठी? : मुक्ता साळवे आणि आपले वर्ग

१

'आमच्या विद्यार्थ्यांना लिहिता येत नाही' हे वाक्य ग्रामीण भागातील कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये ऐकू येते. बोलणारे प्राध्यापक बहुधा सज्जन असतात आणि त्यांची तक्रारही अगदीच खोटी नसते. उत्तरपत्रिकांत ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नसतो, वाक्य सुरू होते एकीकडे आणि संपते भलतीकडे, परिच्छेद पाडणे बहुतेकांना ठाऊक नसते. पण ही तक्रार करताना आपण एक साधा प्रश्न कधी विचारीत नाही. या मुलांनी लिहायचे ते कोणासाठी?

यवतमाळ जिल्ह्यात मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गात घाटंजी, आर्णी, मारेगाव, झरी-जामणीकडची मुले-मुली येतात. कोणी बौद्ध, कोणी मातंग, कोणी बंजारा, कोणी कोलाम, कोणी परधान, कोणी दोन-तीन एकर कोरडवाहूवर जगणाऱ्या कुणब्याचा मुलगा. एका वर्षी चाचणी परीक्षेत मी 'शेतकऱ्यांच्या आत्महत्या' हा विषय दिला होता. ज्याच्या सख्ख्या काकाने पऱ्हाटीवर फवारायचे औषध पिऊन जीव दिला, तो मुलगाही ती परीक्षा देत होता. आदल्या वर्षी त्यासाठी तो पंधरा दिवस गैरहजर होता, म्हणून मला हे ठाऊक होते. त्याने दोन पाने लिहिली होती. आपला देश शेतीप्रधान आहे, शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे, शासनाने योजना राबवाव्यात, आणि शेवटी, शेतकऱ्यांनी व्यसनांपासून दूर राहून धीराने संकटांना तोंड द्यावे. काकाचा उल्लेख दोन पानांत कुठेही नव्हता. मी त्याला विचारले, 'तुझ्या घरचं काऊन नाही लिहिलं?' तो म्हणाला, 'सर, ते पेपरात लिवतेत काय?'

या उत्तरात सारे प्रकरण आले आहे. ज्याला भाषा येत नाही असे आपण म्हणतो, त्या मुलाला परीक्षेचे शास्त्र पक्के कळलेले आहे. परीक्षकाला त्याचा काका नको असतो. परीक्षकाला मुद्दे हवे असतात, आणि मुद्दे गाइडात तयार असतात. परीक्षक शिक्षा किंवा बक्षीस देतो, पण वाचत नाही. त्याला त्या विषयाबद्दल काही जाणून घ्यायचे नसते, कारण लिहिणाऱ्यापेक्षा आपल्याला जास्त ठाऊक आहे या गृहीतावरच त्याचे आसन उभे असते. ज्याला काही जाणून घ्यायचे नाही, त्याच्यासाठी कोणी खरे का लिहावे?

माझे म्हणणे इतकेच आहे की विद्यार्थ्याला लिहायला शिकवणे म्हणजे त्याला वाचक मिळवून देणे. पण हे बोलायला सोपे आहे. वाचक मिळाला की त्याच्याबरोबर धोकाही येतो, आणि त्या धोक्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. म्हणून हा विषय केवळ अध्यापनपद्धतीचा नाही, तो आपल्या चळवळीचाही आहे.

२

याचा सर्वांत जुना आणि सर्वांत लखलखीत दाखला आपल्याच परंपरेत आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात फेब्रुवारी व मार्च महिन्यांत दोन भागांत छापला गेला. तेव्हा ती चौदाएक वर्षांची होती आणि शाळेत तिची जेमतेम तीन वर्षे झाली होती.

आज हा निबंध अभ्यासक्रमांत आला आहे, आणि इथेच दुर्दैव सुरू होते. 'दलित स्त्रीचे पहिले उपलब्ध लेखन कोणते?' या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मुले तो पाठ करतात. वर्ष पाठ, नियतकालिक पाठ, नाव पाठ. पण हा एका विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध आहे आणि आपणही विद्यार्थी आहोत, ही जोडणी त्यांच्या मनात होत नाही. आपण ती होऊ देत नाही. आपण त्या निबंधाला देव्हाऱ्यात बसवले, आणि देव्हाऱ्यातल्या वस्तूपासून कोणी लिहायला शिकत नसते.

तो निबंध लेखन म्हणून वाचला तर काय दिसते? पहिली गोष्ट अशी की मुक्ताच्या निबंधात ऐकणारे तीन आहेत आणि प्रत्येकाशी बोलताना तिचा आवाज बदलतो. ती आधी देवाला विचारते. वेद जर ब्राह्मणांचेच असतील आणि ते पाहण्याचाही अधिकार आम्हांला नसेल, तर आमचा धर्म कोणता ते तूच सांग. हा प्रश्न विनवणीच्या सुरात विचारलेला आहे, पण त्याच्या पोटात तर्क धारदार आहे. ग्रंथ नाही म्हणजे धर्म नाही, हे प्रतिपक्षाचेच तत्त्व घेऊन ती त्याच्यावर उलटवते. मग ती पंडितांकडे वळते, आणि आवाज एकदम चढतो. तुमची पोकळ बडबड आवरा आणि मी सांगते ते ऐका, असे सांगण्याची हिंमत तिथे आहे. बाळंत होणाऱ्या आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसते, तेव्हा त्यांची काय अवस्था होत असेल ते स्वतःच्या घरावरून ताडून पाहा, असे ती त्यांना बजावते. शेवटी ती आपल्याच मांग-महार बांधवांशी बोलते. तिथे ना विनवणी आहे ना उपरोध. घरातल्या माणसाने आजाऱ्याला औषध घे म्हणून सांगावे तसे ती त्यांना ज्ञानाचे औषध घ्यायला सांगते.

दुसरी गोष्ट तपशिलाची. पेशवाईत तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांग-महाराची काय गत होई, इमारतींच्या पायांत माणसे कशी गाडली जात, हे ती नेमके सांगते. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी आमची मुले तक्रार करीत नाहीत, कारण उष्टे मागायला त्यांच्याच दारी जावे लागते, हेही ती सांगते. या एका निरीक्षणात जातीचे सगळे अर्थशास्त्र आहे. ते कुठल्या पुस्तकातून आलेले नाही. जिने ते डोळ्यांनी पाहिले आहे तिलाच ते लिहिता येते.

आता विचार करा. तीन वर्षांच्या शाळेत हे लेखन कसे आले? तिच्या गुरूंनी तिला काही गोष्टी नक्कीच शिकवल्या असतील, पण व्याकरणाच्या तासाने असा निबंध होत नाही. तिच्याजवळ सांगण्यासारखे होते, ऐकणारे कोण आहेत हे तिला ठाऊक होते, आणि ती लिहील ते छापून चारचौघांत जाईल अशी व्यवस्था तिच्या भोवती होती. त्या काळी शाळांच्या परीक्षाही जाहीर होत, लोकांसमोर होत. आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. तिच्या मागे कोणी उभे होते. अंगावर शेणमातीचा मारा झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई आणि बापाचे घर सोडावे लागलेले जोतीराव तिच्या मागे होते. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुढे परत येणार आहे, कारण माझी चूक तिथेच झाली.

३

मुक्ताच्या निबंधाकडे एकटी ठिणगी म्हणून पाहणे बरोबर नाही. अस्पृश्य समाजातील लिहिणारी माणसे घडली ती प्रामुख्याने शाळांच्या निबंधवह्यांत नव्हे, तर वृत्तपत्रांच्या रकान्यांत. आपल्या विदर्भातच पाहा. नागपूरला किसन फागू बनसोडे यांनी 'निराश्रित हिंद नागरिक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी पत्रे काढली. पैसा नाही, वर्गणीदार नाहीत, वाचू शकणारेच मोजके, तरी काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत'. 'बहिष्कृत भारता'चे रकानेच्या रकाने त्यांना एकहाती भरावे लागत आणि त्याची खंत त्यांनी बोलून दाखवली आहे. लिहिणारे मिळत नव्हते. पण त्याच पत्रांतून आणि पुढे 'जनता'मधून गावोगावच्या सभांचे वृत्तान्त, अन्यायाच्या हकिकती, पत्रे येऊ लागली. कोणी चौथी शिकलेला, कोणी गिरणीतला कामगार, कोणी पलटणीतून आलेला. त्यांना निबंध कोणी शिकवला नव्हता. आपल्या गावच्या विहिरीची हकिकत मुंबईत वाचली जाईल आणि बाबासाहेबांच्या नजरेखालून जाईल, या एका जाणिवेने त्यांच्या हातात लेखणी आली. 'मूकनायक' या नावाचा अर्थ आपण नेहमी मुक्यांचा पुढारी असा घेतो. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. मुक्याला बोलता येत नाही असे नाही. ऐकणारा मिळेपर्यंत तो मुका असतो.

पुढे औरंगाबादला, जिथे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली महाविद्यालय उभे केले त्या मिलिंदच्या परिसरात, हीच गोष्ट दुसऱ्या रूपाने घडली. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले, आणि त्या त्रैमासिकाने भरवलेल्या मेळाव्याला नाव दिले लेखक-वाचक मेळावा. हे नाव विचारपूर्वक ठेवलेले आहे असे मला वाटते. साहित्य संमेलनात लेखक मंचावर असतो आणि वाचक मांडवात. मेळाव्यात दोघे एका सतरंजीवर. आजचा वाचक उद्याचा लेखक व्हावा अशी ती रचना होती. दलित साहित्याच्या त्या पिढीला जे बळ मिळाले, त्यात या रचनेचा वाटा किती याचा विचार आपल्या समीक्षेने पुरेसा केलेला नाही. आपण जाणीव, विद्रोह, नकार, वेदना या संज्ञांची चर्चा पुष्कळ केली. लेखनाला वाचक कसा मिळाला, या रोकड्या प्रश्नाची चर्चा मात्र क्वचितच केली.

स्वतःचा एक अनुभव सांगतो. माझे वडील सालगडी होते. आमच्या घरात शाळेचा उंबरठा नीट ओलांडणारा मी पहिला. सातवी-आठवीत असल्यापासून वस्तीतल्या लोकांचे अर्ज मी लिहीत असे. कोणाचे रेशनकार्ड, कोणाचे घरकुल, कोणा म्हातारीचे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान. अर्ज नीट झाला नाही तर तहसीलचा कारकून तो परत फेकी आणि म्हातारी माझ्या दारात येऊन बसे. 'बापू, काय लिवलं होतं रे तू?' त्या म्हातारीने मला जितके लिहायला शिकवले तितके दहावीपर्यंतच्या एकाही निबंधाने शिकवले नाही. नाव कुठे घालावे, आधी काय सांगावे, कोणता शब्द कारकुनाला बोचेल, कोणता आकडा विसरता कामा नये, हे सारे मी तिच्या पेन्शनीपायी शिकलो. कारण त्या कागदाला खरा वाचक होता, आणि त्याच्या वाचण्या-न वाचण्यावर कोणाची तरी चूल अवलंबून होती.

४

आता भाषेच्या प्रश्नाकडे येऊ. विद्यार्थ्यांच्या लेखनात आपण ज्यांना चुका म्हणतो त्यांतल्या पुष्कळशा चुका नसतात, ती वऱ्हाडी असते. 'मले सांगतलं', 'तो जाऊन रायला', 'आमाले नाही भेटलं'. बंजारा मुलगा घरी गोरमाटी बोलतो, कोलाम मुलगी कोलामी बोलते. त्यांच्यासाठी वऱ्हाडी ही दुसरी भाषा आणि पुस्तकी मराठी ही तिसरी. हे विसरून आपण लाल पेन उचलतो. ज्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका आपण तपासतो त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे, ही यातली मोठी विसंगती. गाडगेबाबांनी उभ्या महाराष्ट्राशी संवाद केला तो वऱ्हाडीत. त्यांचे कीर्तन म्हणजे एकतर्फी व्याख्यान नसे. ते प्रश्न टाकीत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. श्रोत्याला बोलते करणारा एवढा मोठा शिक्षक आपल्या भूमीत झाला. त्याची भाषा विद्यापीठाच्या पाटीखाली बसून आपण लाल शाईने खोडतो.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० साली सर्वांसाठी दरवाजे उघडले, तेव्हा गरीब, काळ्या, स्थलांतरित घरांतली हजारो मुले पहिल्यांदा महाविद्यालयात आली, आणि 'यांना लिहिता येत नाही' अशीच ओरड झाली. मिना शॉनेसी या अध्यापिकेने अशा मुलांच्या सुमारे चार हजार निबंधांचा अभ्यास करून १९७७ साली पुस्तक लिहिले. या मुलांच्या चुकांमागे आळस किंवा मंदपणा नसून एक तर्क असतो, आणि तो तर्क ओळखणे हे शिक्षकाचे पहिले काम आहे, हे तिने दाखवून दिले. नवशिक्या लेखकाला प्रत्येक चूक हा सापळा वाटू लागतो, म्हणून तो येत असलेलेही लिहीत नाही, छोटी आणि निर्धोक वाक्ये लिहून मोकळा होतो. माझ्या वर्गात मी हेच रोज पाहतो. गाइडातले वाक्य निर्धोक असते. त्यात ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असते आणि काका नसतो.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये असा कोणी काढू नये. तसे म्हणणे म्हणजे आपल्या मुलांना पुन्हा वेशीबाहेर ठेवणे होईल. न्यायालय, कार्यालय, स्पर्धा परीक्षा यांची भाषा आमच्या मुलांना आलीच पाहिजे, आणि इतरांपेक्षा चांगली आली पाहिजे. बाबासाहेबांनी शत्रूपक्षाचीही भाषा आत्मसात केली होती हे आपण विसरू नये. प्रश्न क्रमाचा आहे. आधी सांगणे, मग सावरणे. आपण सांगण्याआधीच सावरायला लावतो, आणि मग सांगण्यासारखे काही उरतच नाही.

५

तीन-चार वर्षांपूर्वी हे सारे डोक्यात घेऊन मी वर्गात एक भित्तिपत्रक सुरू केले. भित्तिपत्रक ही काही नवी गोष्ट नाही. प्रत्येक महाविद्यालयात ते असते, जयंती-पुण्यतिथीला त्यावर थोर पुरुषांची चित्रे आणि गाइडातून उतरवलेली चरित्रे लागतात. मी नियम एकच ठेवला. तुला माहीत आहे आणि महाविद्यालयाला माहीत नाही, असे काहीतरी लिही.

पहिले दोन आठवडे कोरे गेले. मग एका मुलाने आई दिवसाकाठी किती कापूस वेचते, ओटी पाठीला कशी काचते आणि संध्याकाळी मालकाच्या काट्यावर वजन करताना किलो-दोन किलो कसे कापले जातात ते लिहिले. आकड्यांसह लिहिले. दुसऱ्या दिवशी त्या कागदासमोर गर्दी होती. वाणिज्य शाखेच्या एका मुलाने खाली पेन्सिलीने हिशेब मांडला, की रोज एवढे कापले तर हंगामात किती होतात. तिसऱ्याने लिहिले, आमच्याकडे असेच. ज्याने लिहिले होते तो मुलगा मला येऊन म्हणाला, 'सर, त्या दुसऱ्या ओळीत गडबड झाली, लोकायले समजून नाही रायली, मी पुन्हा लिहून आणतो.' माझ्या नोकरीत कोणा विद्यार्थ्याने स्वतः होऊन पुनर्लेखन मागितल्याची ती पहिली वेळ. मी वर्षभर सांगूनही जे झाले नव्हते ते दहा वाचकांनी एका दिवसात केले.

मग एका मुलीने लिहिले. तिच्या गावात देवळाच्या भंडाऱ्याला तिच्या वस्तीची पंगत सर्वांत शेवटी बसते आणि तिच्या आईला घरून ताट आणायला सांगतात. बस्स, एवढेच. कोणाचे नाव नव्हते, गावाचेही नव्हते. अर्धे पान. भाषा साधी, राग कुठेही नाही. मी ते आनंदाने लावले. कोणीतरी मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेतले आणि संध्याकाळच्या आत ते गावात पोहोचले. ज्या वावरांत तिचे आईवडील मजुरीला जात, ती त्याच लोकांची वावरे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप महाविद्यालयाच्या फाटकाशी उभा होता. वयाने माझ्या वडिलांएवढा. हात जोडून म्हणाला, 'सर, काढून टाका. आमाले त्याच गावात राहायचं हाये.'

मी कागद काढला. त्याच दिवशी वरूनही निरोप आला की भित्तिपत्रकावर 'वादग्रस्त' काही नको. मी तासिका तत्त्वावर शिकवणारा माणूस. पुढच्या वर्षी मला तास मिळतील की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांचाच तो निरोप. मी वाद घातला नाही. ती मुलगी वर्गात येत राहिली, पण त्या वर्षी तिने पुन्हा काही लिहिले नाही. परीक्षेत तिने निबंध लिहिला, 'सामाजिक समता : काळाची गरज'. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मुक्ताच्या निबंधातले वाक्यन् वाक्य मी वर्गात शिकवले होते. दगड लागूनही मुले तक्रार का करीत नाहीत, हे तिने १८५५ साली लिहून ठेवले आहे. उष्टे मागायला त्याच दारी जावे लागते म्हणून. उष्ट्याच्या जागी मजुरी आली आहे, दार तेच आहे. ते शिकवूनही मी त्या मुलीला एकटीला वाचकांसमोर उभे केले, आणि मागे कोण उभे राहणार याचा विचार केला नाही. वाचक देणे म्हणजे कागद चिकटवणे नव्हे. वाचक देणे म्हणजे लिहिणाऱ्याच्या मागे उभे राहणे. जोतीराव-सावित्रीबाईंनी दोन्ही केले. मी अर्धेच केले.

६

मग काय, लिहायचेच नाही? गाइडाकडे परत जायचे? या प्रश्नाने मी काही महिने अस्वस्थ होतो. त्या काळात मला इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी खेड्यातल्या शाळेचे पुस्तक आठवले. लोरेंझो मिलानी या धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या, सरकारी शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या मुलांसाठी ती शाळा चालवली. तिथल्या आठ मुलांनी मिळून एका बाईंना उद्देशून पत्र लिहिले आणि ते १९६७ साली पुस्तकरूपाने आले. गरिबांच्या मुलांना नापास करणारी शाळा कोणाची आहे, असा त्याचा सवाल. मला महत्त्वाची वाटली ती लिहिण्याची रीत. प्रत्येकाने सुचेल ते चिठोऱ्यांवर लिहायचे. मग सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून त्यांचे गठ्ठे लावायचे, गठ्ठ्यांची प्रकरणे करायची, आणि मग प्रत्येक वाक्य सर्वांनी मिळून वाचायचे, अनावश्यक शब्द काढायचा, अवघड शब्द सोपा करायचा. पुस्तकावर कोणा एकाचे नाव नाही, शाळेचे आहे.

हे आपल्याला परके वाटू नये. भीमजलशांत आपण हेच केले. एकाने ओळ आणायची, दुसऱ्याने चाल, तिसऱ्याने कडवे. एकट्याने लिहिणे आणि त्यावर आपले नाव घालणे ही ज्याला संरक्षण आहे त्याची चैन आहे. ज्याला त्याच गावात राहायचे आहे त्याला सोबत लागते. आता माझ्या वर्गात पाच-सहा गावांची मुले मिळून एक मजकूर तयार करतात. विषय एक, गावे अनेक. भंडाऱ्याची पंगत असो, स्मशानाची वाट असो, की काट्यावरचा कापूस असो. कोणते वाक्य कोणाचे हे फक्त त्यांना ठाऊक असते. खाली वर्गाचे नाव असते, आणि त्याखाली माझे. माझे नाव घातल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. मोठे शौर्य म्हणून मी हे सांगत नाही. ते कमीत कमी आहे, आणि ते करायला मला एका मुलीच्या मौनाची किंमत द्यावी लागली. खरे म्हणजे ती तिने दिली.

आपल्या समीक्षेलाही दोन शब्द सांगायचे आहेत. दलित साहित्य आज अभ्यासक्रमात आहे, त्यावर प्रबंध होतात, चर्चासत्रे होतात. हे आपल्या लढ्याचे यश आहे. पण 'दलित आत्मकथनाची वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाला आमच्याच वस्तीतली मुले आठ मुद्दे पाठ करून उत्तर देतात, आणि त्या मुद्द्यांत 'वेदना' हा तिसरा मुद्दा असतो, तेव्हा काहीतरी हातातून निसटले आहे. ज्या साहित्याने मुक्यांना बोलते केले, त्याच्यावरची उत्तरे आज त्यांना पुन्हा मुके करीत असतील, तर तो दोष साहित्याचा नाही. तो आपल्या शिकवण्याचा आहे आणि काही अंशी आपल्या समीक्षेचाही. आपण संज्ञा घडवल्या, आणि त्या संज्ञा गाइडांत गेल्या.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यावर उद्घाटनासाठी कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांना बोलावले गेले. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी. एकीचे दार बंद करून दुसरीचे उघडले, यातला कडवटपणा बाजूला ठेवू नये. पण त्या उभ्या राहून बोलल्या आणि महाराष्ट्राने ऐकले. ज्या विषयावर आमची मुले वर्षानुवर्षे पोकळ निबंध लिहीत आली, त्या विषयावर जिने भोगले ती बोलली. माझ्या वर्गातल्या त्या मुलाने, ज्याचा काका गेला होता, ते भाषण मोबाइलवर पाहिले होते. त्याने मला विचारलेला प्रश्न मी इथे तसाच ठेवतो. 'सर, त्यायचं ऐकून घेतलं. आमी लिवलं तर कोण वाचन?'

हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. हे त्रैमासिक वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आणि कार्यकर्त्याला तो विचारलेला आहे. तुमच्या गावातला, वसतिगृहातला, अभ्यासिकेतला एखादा मुलगा किंवा मुलगी अर्धे पान लिहून बसलेली असेल. ते अर्धे पान मागून घ्या आणि गुण न देता वाचा. समजले नाही तिथे समजले नाही म्हणून सांगा. आणि ते चारचौघांत न्यायचे असेल, तर आधी आपले नाव त्याखाली घालायची तयारी करा.